गॅस गिझरमधला विषारी वायू रक्ताला इतका घट्ट का चिकटतो? प्रथिनांची ‘पकड’ मोजतात कशी, समजून घ्या

थंडी सुरू झाली की कुठल्या ना कुठल्या शहरातून ही बातमी येतेच. बाथरूमचं दार आतून बंद, खिडकी बंद, गॅस गिझर चालू आणि आत बेशुद्ध पडलेला माणूस. धूर दिसत नाही, वास येत नाही, आरडाओरडा ऐकू येत नाही. नंतर कळतं, कार्बन मोनॉक्साईड.

गॅस पुरेशा हवेशिवाय जळाला की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे तो रक्तात जातो आणि हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतो. हिमोग्लोबिनचं काम ऑक्सिजन वाहून नेण्याचं. पण त्याच्या ज्या जागेवर ऑक्सिजन बसतो, त्याच जागेवर कार्बन मोनॉक्साईडही बसतो. आणि तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट जास्त घट्ट बसतो.

हे २०० ते २५० पट आपण शाळेच्या पुस्तकापासून वाचत आलोय. पण हा आकडा काढला कोणी? दोन अदृश्य गोष्टींमधली पकड मोजायची म्हणजे नेमकं करायचं काय? आणि हाच हिशेब आज औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळेत का केला जातो?

आधी शब्द समजून घेऊ

आपल्या शरीरातली बहुतेक कामं प्रथिनं करतात. पण प्रथिन एकटं फार काही करत नाही. त्याला कुणीतरी येऊन चिकटावं लागतं. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन, इन्शुलिनच्या रिसेप्टरला इन्शुलिन, वेदनेच्या वाटेवरच्या रिसेप्टरला मॉर्फिन. प्रथिनाला असं येऊन चिकटणाऱ्या रेणूला ‘लिगँड’ म्हणतात.

हे चिकटणं फेविकॉलसारखं कायमचं नसतं. रेणू येतो, बसतो, थोडा वेळ राहतो, सुटतो. दुसरा येतो. हे सतत चालू असतं. त्यामुळे ‘पकड किती घट्ट’ या प्रश्नाचं उत्तर शास्त्रज्ञ वेगळ्या पद्धतीने देतात. ते विचारतात, लिगँड किती प्रमाणात असला की निम्मी प्रथिनं भरलेली दिसतील?

रिक्षा स्टँड डोळ्यांसमोर आणा. रिक्षा म्हणजे प्रथिनं, प्रवासी म्हणजे लिगँड. एखाद्या स्टँडवर तुरळक गर्दी असतानाही निम्म्या रिक्षा भरलेल्या दिसतात. म्हणजे लोक चटकन बसतायत आणि उतरायचं नाव घेत नाहीत. दुसऱ्या स्टँडवर निम्म्या रिक्षा भरायला प्रचंड गर्दी लागते. म्हणजे लोक बसतात आणि लगेच उतरतात. पहिल्या स्टँडवर पकड घट्ट, दुसऱ्यावर सैल.

निम्मी प्रथिनं भरण्यासाठी लागणाऱ्या या प्रमाणाला ‘केडी’ म्हणतात. मराठीत त्याला विघटन स्थिरांक असा भारदस्त शब्द आहे, पण प्रयोगशाळेत सगळे केडीच म्हणतात. लक्षात ठेवायची गोष्ट एकच. केडी जितका कमी, तितकी पकड घट्ट. इथेच अनेकांचा गोंधळ होतो, कारण मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद अशी आपली सवय असते.

हिशेबही सोपा आहे. लिगँडचं प्रमाण केडीइतकं असेल तर ५० टक्के प्रथिनं भरतात. केडीच्या दहापट असेल तर सुमारे ९१ टक्के. शंभरपट असेल तर ९९ टक्के. उलट केडीच्या एक दशांश असेल तर फक्त ९ टक्के.

हॉल्डेन यांनी स्वतःवरच प्रयोग केले

आता मूळ आकड्याकडे येऊ. १९ व्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये कोळसा खाणींत मोठे स्फोट व्हायचे. लोकांना वाटायचं, कामगार स्फोटानेच मरतात. जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने मृतदेह तपासले आणि १८९६ च्या अहवालात सांगितलं की यातले बहुतेक लोक स्फोटाने मेलेच नाहीत. स्फोटानंतर खाणीत साचलेल्या कार्बन मोनॉक्साईडने त्यांचा जीव घेतला.

हा वायू माणसावर काय परिणाम करतो हे पाहण्यासाठी हॉल्डेन यांनी तो स्वतः श्वासावाटे घेतला, मध्येमध्ये स्वतःचं रक्त काढून तपासलं आणि १८९५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाणीत धोक्याचा इशारा मिळावा म्हणून उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत न्यावेत, ही सूचनाही त्यांचीच. इतक्या लहान जिवांवर परिणाम माणसाच्या आधी दिसतो. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी पक्षी थेट १९८६ मध्ये निवृत्त झाले.

पण रक्तात किती कार्बन मोनॉक्साईड आहे हे त्यांनी मोजलं कसं? रंगावरून. साधं रक्त पाण्यात खूप पातळ केलं की पिवळसर दिसतं. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं रक्त तसंच पातळ केलं तर गुलाबी दिसतं. हॉल्डेन साध्या रक्ताच्या द्रावणात कार्माईन नावाचा लाल रंग थेंबाथेंबाने घालायचे. दोन्ही नळ्यांचा रंग सारखा दिसेपर्यंत किती थेंब लागले, यावरून हिशेब निघायचा. यंत्र काही नाही, डोळे आणि थेंब.

पुढे १९१२ मध्ये हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी डग्लस यांनी मोठा शोधनिबंध लिहिला. त्यात तिसरं नाव होतं हॉल्डेन यांच्या जेमतेम विशीतल्या मुलाचं. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून जगप्रसिद्ध झाला, १९५७ मध्ये भारतात आला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

पद्धत अशी की रक्ताला दोन्ही वायूंच्या माहीत असलेल्या मिश्रणासोबत ठेवायचं, भरपूर हलवायचं, आणखी बदल होणं थांबलं की किती हिमोग्लोबिन कुणी बळकावलंय ते बघायचं. म्हणजे थेट पकड मोजण्याऐवजी दोघांची स्पर्धा लावायची. यातून नियम निघाला तो असा: हवेत कार्बन मोनॉक्साईड आणि ऑक्सिजनचं जे गुणोत्तर असेल, त्याला २०० ते २५० ने गुणा. रक्तातलं दोघांच्या वाट्याचं गुणोत्तर मिळतं.

आता हा नियम बंद बाथरूमला लावून बघा. हवेच्या हजार भागांत ऑक्सिजन असतो सुमारे २१० भाग. समजा त्यात कार्बन मोनॉक्साईड फक्त एक भाग मिसळला. एकास दोनशे दहा. पण पकड दोनशे पटींहून जास्त. म्हणजे शेवटी हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. हवेत हजारात एक भाग विष, आणि रक्तातलं जवळपास निम्मं हिमोग्लोबिन निकामी.

नुसती जागा अडवून हा वायू थांबत नाही

हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनसाठी चार जागा असतात आणि त्या एकमेकींशी बोलतात. एक जागा भरली की उरलेल्या जागांची पकड वाढते. म्हणून हिमोग्लोबिनचा आलेख साधा वळणारा नसतो, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा असतो. १९१० मध्ये आर्चिबाल्ड हिल यांनी त्याचं समीकरण मांडलं, ते आजही वापरतात.

ही व्यवस्था मोठी हुशार आहे. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब सुमारे १०० मिलिमीटर असतो, तिथे हिमोग्लोबिन जवळपास पूर्ण भरतं. शरीराच्या पेशींजवळ दाब ४० च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, तिथे ते ऑक्सिजन सोडतं. निम्मं भरण्याचा दाब आहे साधारण २७. म्हणजे पकड घेण्याइतकी घट्ट आणि सोडण्याइतकी सैल. घट्ट पकड म्हणजे नेहमी चांगलीच असं नाही.

कार्बन मोनॉक्साईड ही रचनाच बिघडवतो. चारपैकी एका-दोन जागांवर तो बसला की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजन जास्त घट्ट धरला जातो. ऑक्सिजन रक्तात आहे, पण पेशीला मिळत नाही. म्हणून निम्मं हिमोग्लोबिन वायूने अडवणं हे अशक्तपणामुळे निम्मं हिमोग्लोबिन असण्यापेक्षा कितीतरी जास्त धोकादायक आहे.

आणखी एक फसवणूक. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर इथे उपयोगाचा नाही. तो दोन प्रकारच्या प्रकाशावरून हिमोग्लोबिन भरलेलं आहे की रिकामं एवढंच ओळखतो. भरलेल्या जागेवर ऑक्सिजन बसलाय की कार्बन मोनॉक्साईड, हे त्याला कळत नाही. माणूस गुदमरत असतानाही तो ९८ दाखवू शकतो. त्यासाठी दवाखान्यात रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते, ज्यात प्रकाशाच्या जास्त लहरी वापरतात.

बसायला किती वेळ, सुटायला किती वेळ?

केडी म्हणजे खरं तर दोन वेगांचा भागाकार. सुटण्याचा वेग भागिले जोडण्याचा वेग. हे वेग वेगवेगळे पाहिले की गंमत कळते. कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा जास्त वेगाने चिकटत असेल असं वाटतं ना? उलट आहे. तो ऑक्सिजनपेक्षा हळू चिकटतो. पण सुटतो त्याहून कितीतरी हळू, हजाराहून जास्त पटींनी. सगळी ताकद न सुटण्यात आहे. आणि सुटलाच तरी शेजारच्या रिकाम्या जागेवर पुन्हा पकडला जातो.

उपचारही याच गणितावर चालतात. साध्या हवेत ठेवलं तर रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साईड जायला साधारण चार ते पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर एक ते दीड तास. जास्त दाबाच्या खास चेंबरमध्ये ऑक्सिजन दिला तर अर्ध्या तासाच्या आत. डॉक्टर कार्बन मोनॉक्साईडला ओढून काढत नाहीत. ते ऑक्सिजनची गर्दी इतकी वाढवतात की प्रत्येक रिकाम्या झालेल्या जागेवर ऑक्सिजनच आधी बसावा.

आजच्या प्रयोगशाळेत पकड कशी मोजतात?

सगळीच प्रथिनं हिमोग्लोबिनसारखी रंग बदलत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या पद्धती निघाल्या.

१. चाळणीची पिशवी: प्रथिन एका पातळ पडद्याच्या पिशवीत ठेवतात. पडद्याची भोकं इतकी बारीक की छोटा लिगँड आरपार जातो, मोठं प्रथिन अडकतं. सगळं स्थिर झाल्यावर मोकळा लिगँड आत-बाहेर सारखाच असतो. आत जो जास्तीचा सापडतो, तो प्रथिनाला चिकटलेला. पद्धत जुनी आणि संथ, पण भरवशाची. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन हे औषध रक्तात सुमारे ९९ टक्के प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि काम उरलेलं १ टक्काच करतं. हे समजतं ते अशाच मोजमापातून.

२. किरणोत्सारी खूण: लिगँडवर किरणोत्सारी अणूची खूण लावायची आणि साध्या लिगँडशी त्याची स्पर्धा लावायची. हॉल्डेन यांचीच युक्ती, साधन नवं. रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये इन्शुलिनवर हे काम केलं. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं, बर्सन तोवर हयात नव्हते. रक्तातली हार्मोन्स मोजण्याच्या आजच्या चाचण्या, अगदी थायरॉईडचीसुद्धा, याच कल्पनेतून वाढल्या.

३. उष्णता मोजणं: लिगँड प्रथिनाला चिकटला की थोडी उष्णता बाहेर पडते किंवा शोषली जाते. एका छोट्या कपात प्रथिन ठेवून त्यात लिगँडचे बारीक थेंब सोडतात आणि शेजारच्या कपाशी तापमानाची तुलना करतात. फरक अंशाच्या लाखाव्या भागाहूनही लहान असू शकतो. सुरुवातीला प्रत्येक थेंबाला उष्णता मिळते, जागा भरत जातात तशी ती कमी होते. त्या उतरणीवरून केडी निघतो. कुठलाही रंग किंवा खूण लावावी लागत नाही हा मोठा फायदा.

४. सोन्याचा पत्रा: काचेवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन त्यावर प्रथिन बसवतात आणि वरून लिगँडचं पाणी सोडतात. रेणू येऊन चिकटला की सोन्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा कोन किंचित सरकतो. यात चिकटणं आणि सुटणं चालू असतानाच दिसतं. म्हणजे केडीच्या आतले दोन्ही वेग वेगवेगळे मिळतात. औषध शरीरात किती वेळ रिसेप्टरवर टिकेल, याचा अंदाज बांधायला हे लागतं.

या पद्धतींमधून येणारे आकडे प्रचंड वेगवेगळे असतात. चांगल्या औषधाचा केडी बऱ्याचदा नॅनोमोलरमध्ये असतो, म्हणजे एका लिटरमध्ये मोलचा अब्जावा भाग. आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागातलं अविडिन हे प्रथिन बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाला धरतं, त्याची पकड त्याहून सुमारे दहा लाख पट घट्ट. निसर्गातल्या सर्वांत घट्ट जोड्यांपैकी ती एक आहे.

यंत्राने आकडा दिला म्हणजे तो बरोबर असतो का?

नाही. आणि खरी मेख इथेच आहे.

पहिली चूक घाईची. जोडणं आणि सुटणं यांचा तोल जमल्याशिवाय मोजलं तर आकडा चुकतो. हजारात एक भाग कार्बन मोनॉक्साईड असलेल्या खोलीत दहा मिनिटं बसलेल्या माणसाचं रक्त तपासलं तर निम्मं हिमोग्लोबिन अडलेलं दिसणार नाही. त्यासाठी काही तास जावे लागतात. दहा मिनिटांच्या आकड्यावरून कुणी ‘पकड तर सैल आहे’ असं म्हटलं तर ते जिवावर बेतेल. पकड जितकी घट्ट, तितकं जास्त थांबावं लागतं. अगदी झटपट जोडी जमवणारं प्रथिन धरलं, तरी नॅनोमोलर पकडीचा तोल मिनिटभरात जमू शकतो, पण त्याहून हजार पट घट्ट पकडीला नऊ-दहा तास लागतात.

दुसरी चूक जास्त प्रथिन घेण्याची. पुन्हा रिक्षा स्टँडवर जा. समजा प्रवासी इतके उतावीळ आहेत की आला की बसलाच. स्टँडवर १०० रिक्षा असतील तर निम्म्या भरायला ५० प्रवासी लागतील. २०० रिक्षा असतील तर १००. हा आकडा प्रवाशांच्या उतावीळपणाचा नाही, फक्त रिक्षांच्या संख्येचा आहे. तसंच प्रयोगात प्रथिन केडीपेक्षा खूप जास्त घेतलं तर हाती येतो तो केडी नसतो. आपणच किती प्रथिन ओतलं होतं, याचा तो निम्मा आकडा असतो.

या चुका फक्त नवशिक्यांच्या नाहीत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॅनियल हर्शलॅग यांच्या गटाने १०० प्रसिद्ध शोधनिबंध तपासले आणि २०२० मध्ये त्याचा निष्कर्ष मांडला. बहुतांश निबंधांत या दोन साध्या तपासण्या केल्याची नोंदच नव्हती. म्हणजे ते सगळे आकडे चूक होते असं नाही, पण बरोबर आहेत हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

उपाय महागडा नाही. जास्त वेळ थांबून पुन्हा मोजा, आकडा बदलतो का बघा. प्रथिन कमी-जास्त करून पुन्हा मोजा, आकडा बदलतो का बघा. दोन्ही वेळा तोच राहिला तर तो विश्वासाचा.

मग सामान्य माणसाला याचं काय?

‘अमुक वनस्पतीतला घटक विषाणूच्या प्रथिनाला घट्ट चिकटतो, औषध सापडलं!’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर नेहमी फिरतात. असा मेसेज आला की तीन प्रश्न विचारता येतात. केडी किती आला? तो प्रयोगात मोजलाय की फक्त कॉम्प्युटरवर अंदाज बांधलाय? आणि तेवढं प्रमाण माणसाच्या शरीरात पोहोचू तरी शकतं का? केडीच्या एक दशांश प्रमाणच पोहोचत असेल तर ९१ टक्के प्रथिनं मोकळीच राहणार, मग दावा कितीही मोठा असो.

आणि गिझरबद्दल. गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवू नका, बाहेर मोकळ्या हवेच्या जागी बसवा आणि जळका वायू थेट बाहेर जाईल अशी सोय करून घ्या. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं एकाच वेळी घरातल्या अनेकांना होत असेल तर आधी दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. कुणी बेशुद्ध सापडलं तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि गॅसवर चालणारं उपकरण सुरू होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय म्हणून थांबू नका.